रिपोर्टमध्ये ‘बाळाच्या पोटात सिस्ट’ लिहून आलं, तर

नागपुरात मानेवाड्याला आमच्या घरी गेली चार वर्षं अधूनमधून अनोळखी नंबरवरून फोन येतात. कधी भंडाऱ्याहून, कधी वणीहून, एकदा तर छिंदवाड्याहून आला होता. बहुतेक फोन दुपारी दोन ते चारच्या मधले, म्हणजे घरातली मोठी माणसं झोपलेली असतात तेव्हाचे. आवाज दबका. “ताई, तुमच्या लेकरालेही पोटात असतानाच गाठ होती म्हणतात. खरं आहे का?”

खरं आहे. ते लेकरू आता चार वर्षांचं आहे आणि मी हे लिहीत असताना माझ्याच वहीची पानं फाडून विमानं करून राहिलं आहे.

फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, समोरच्या बाईचं निम्मं ऐकायचं राहतं, म्हणून एकदा क्रमाने लिहून काढते. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. इथे आहे ते आमच्या सोनोग्राफीवाल्या, बाळंतपणाच्या आणि लहान मुलांच्या सर्जन असलेल्या डॉक्टरांनी वेळोवेळी समजावलेलं, आणि काही मी स्वतः चुकून शिकलेलं. तुमच्या बाळाबाबत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

पहिल्या दिवशी: रिपोर्ट वाचा, गुगल नको

माझी पाचव्या महिन्याची सोनोग्राफी अगदी स्वच्छ होती. बत्तिसाव्या आठवड्याला ग्रोथ स्कॅन केला, तेव्हा बाळाच्या पोटात पाण्याची गाठ दिसली. तिथल्याच एकाने जाता जाता “ट्यूमरसारखं काही असू शकतं” असं म्हणून टाकलं आणि मी दोन रात्री जागून काढल्या. असं कुणी तुम्हालाही म्हणेल. रिपोर्टात ‘सिस्टिक लीजन’ असं लिहिलेलं असतं. लीजन म्हणजे फक्त वेगळी दिसणारी जागा, कॅन्सर नव्हे. पोटातल्या बाळाच्या अशा पाण्याच्या गाठीत कॅन्सर निघणं अत्यंत दुर्मीळ.

दुसरी शंका लगेच येते, की पाचव्या महिन्यात डॉक्टरांच्या नजरेतून सुटलं का. बहुधा नाही. यातल्या ज्या प्रकाराबद्दल मी पुढे लिहिणार आहे, त्या अंडाशयाच्या गाठी सातव्या महिन्याच्या सुमारास किंवा त्यानंतरच तयार होतात. अठराव्या-विसाव्या आठवड्यात तिथे पाहण्यासारखं काही नसतंच.

आता रिपोर्ट घ्या आणि त्यात चार गोष्टी शोधा.

पहिली, माप. इथे आमच्याकडे एक गंमत झाली. 41 एमएम लिहिलेलं नवऱ्याने 41 सेंटीमीटर वाचलं आणि घाम फुटून खाली बसला. अहो, पूर्ण दिवसांचं बाळच मुळात 50 सेंमीच्या आसपास असतं! एमएमला दहाने भागा. 2 सेंमी म्हणजे मोठं बोर, 4 सेंमी म्हणजे लिंबू, 6 सेंमी म्हणजे आपलं लहानसं संत्रं. हे 4 सेंमीचं लिंबू लक्षात ठेवा, डॉक्टरांचं बरंचसं गणित त्याच्या आसपास फिरतं.

दुसरी, आत काय आहे. ‘ॲनइकोइक’, ‘थिन वॉल्ड’, ‘युनिलॉक्युलर’ हे शब्द असतील तर आत स्वच्छ पाणी, पातळ भिंत, एकच कप्पा. याला साधी गाठ म्हणतात. ‘सेप्टा’ म्हणजे आत पडदे, ‘डेब्री’ किंवा ‘फ्लुइड लेव्हल’ म्हणजे आत गाळ, बहुधा साकळलेलं रक्त, खाली बसलेला. ही गुंतागुंतीची गाठ. मापापेक्षा हा फरक मोठा आहे, हे मला फार उशिरा कळलं.

तिसरी, आजूबाजूचं काय. दोन्ही किडन्या, मूत्राशय, जठर, पित्ताशय वेगवेगळे आणि नीट दिसले, असं लिहिलंय का? लिहिलं नसेल तर विचारा. किडनीची सूज किंवा तुंबलेली लघवी असेल तर तिचा मार्ग अगदी निराळा आहे आणि हा लेख मग तुमच्या कामाचा नाही.

चौथी, गर्भजल. गाठ मोठी असेल आणि आतड्यावर दाब आला तर बाळाचं पाणी गिळणं कमी होतं, गर्भजल वाढतं. ‘एएफआय’समोर आकडा असतो, तो वहीत उतरवून ठेवा.

गाठ कशाची, याचं उत्तर ताणून मागू नका

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात.

सोनोग्राफीला जाण्याआधी आपण ‘फॉर्म एफ’वर सही करतो, बाळ मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही, असं लिहून देतो. त्यामागे 1994 चा केंद्राचा कायदा आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी, 1988 मध्ये, असा कायदा केला होता. डॉक्टरांनी शब्दाने, खुणेने, कुठल्याही प्रकारे लिंग सांगायचं नाही. सांगितलं तर त्यांना तुरुंगवास होऊ शकतो आणि विचारणाऱ्या नातेवाइकांनाही: पहिल्या गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड.

आता अडचण पाहा. बाळाच्या पोटात पाण्याची गाठ अनेक ठिकाणांहून येऊ शकते. आतड्याला जोडून, आतडं धरून ठेवणाऱ्या पडद्यातून, पित्ताच्या नळीतून, लघवीच्या मार्गातून, आणि मुलगी असेल तर अंडाशयातून, म्हणजे ओव्हरीतून. यातलं शेवटचं नाव डॉक्टरांनी उच्चारलं की लिंग सांगितल्यासारखंच झालं. म्हणून रिपोर्टात ‘पोटातली सिस्ट, जन्मानंतर तपासावी’ एवढंच येतं. मला तेव्हा वाटलं होतं की डॉक्टरांना काही कळलेलंच नाही. त्यांना सांगायचं नव्हतं असं नाही, सांगता येत नव्हतं.

आणि उलट अर्थही काढू नका. पोटात सिस्ट म्हणजे मुलगीच, असं मुळीच नाही. मुलांच्या पोटातही पाण्याच्या गाठी निघतात. रिपोर्टवरून ओळखायचा खेळ घरात कुणी सुरू केला तर पहिल्याच वाक्याला थांबवा. आमच्याकडे आत्याबाईंनी सुरू केला होता. सासूबाईंनीच त्यांना सांगितलं, “पोटात आहे ते लेकरू आहे न बाई, मग झालं तर.” त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही, जरी त्याच संध्याकाळी मला “काऊन, तू काय खाल्लं होतं?” हेही त्यांनीच विचारलं.

दिलासा एवढाच की जन्माआधी करायच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी नाव कळल्याशिवायही होतात. माप घेणं, आतला बदल पाहणं, कुठे बाळंत व्हायचं ते ठरवणं, यातलं काहीच नावावाचून अडत नाही. म्हणून डॉक्टरांना असं विचारा: मागच्या वेळेपेक्षा वाढली का? आतलं पाणी अजून स्वच्छ आहे का? मी कुठे बाळंत व्हावं? जन्मल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं? याची उत्तरं ते मोकळेपणी देतात.

ओव्हरीची असेल, तर ती होते कशाने

काही खाल्ल्याने नाही. ग्रहणात भाजी चिरल्याने तर नाहीच.

गर्भाशयात बाळाच्या रक्तात तीन ठिकाणची संप्रेरकं खेळत असतात: आईची, वारेची आणि बाळाची स्वतःची. त्यांच्या जोरावर बाळाच्या ओव्हरीत बारीक पाण्याचे फोड होतात. 2 सेंमीच्या आतले फोड तर नवजात मुलींत नेहमीचेच, त्यांना कुणी गाठही म्हणत नाही. एखादा फोड त्याहून फुगतो, त्याला आपण सिस्ट म्हणतो. दर अडीच हजार मुलींमागे साधारण एकीला अशी मोठी सिस्ट असते असं धरलं जातं. आईला मधुमेह असेल, बीपी वाढलेला असेल किंवा रक्तगट निगेटिव्ह असल्याने बाळाशी जुळत नसेल, तर वार मोठी होते, संप्रेरकं वाढतात आणि या गाठींची शक्यताही वाढते. म्हणून साखरेची तपासणी राहिली असेल तर ती करून घ्या. पण मला यातलं काहीही नव्हतं, तरी झाली.

आणि नाळ कापली की ती संप्रेरकं उतरू लागतात. फोडाचं खतपाणीच बंद होतं. निम्म्याहून अधिक गाठी आपोआप विरतात त्या याच कारणाने, काही तर जन्माच्या आधीच.

याचा पीसीओडीशी काडीचा संबंध नाही. ‘आतापासूनच पीसीओडी’ असं म्हणणाऱ्या किमान चार बाया मला भेटल्या. ते पूर्ण वेगळं दुखणं आहे.

मग धोका कसला? पीळ पडण्याचा. बाळाचं ओटीपोट इवलंसं असतं, ओव्हरी वर पोटात तरंगत असते, तिचा देठ लांब. त्यावर लिंबाएवढं वजन लटकलं की देठाला पीळ बसू शकतो, रक्त अडतं, ओव्हरी निकामी होते. 4 सेंमीच्या वर हा धोका वाढतो. स्वच्छ पाण्याची गाठ पुढच्या सोनोग्राफीत गढूळ दिसली, तर पीळ पडला असावा किंवा आत रक्त उतरलं असावं असा संशय घेतात. ही तरंगणारी गाठ जागाही बदलते. माझ्या एका रिपोर्टात डावीकडे होती, पुढच्यात उजवीकडे, आणि आम्ही वाद घालत बसलो की कुठला रिपोर्ट चुकला. कुठलाच नव्हता.

बाळंतपणापर्यंतचे आठवडे

साधारण दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी. शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच डॉक्टरांकडे. मापं घेण्याची हाताची सवय वेगळी असते आणि 3-4 मिमीचा फरक त्यातूनही येतो. मी वहीत तक्ता आखला होता: तारीख, आठवडा, तीन मापं, आत काय, गर्भजल. कुठलीही डॉक्टरीण फाईल चाळायच्या आधी तोच तक्ता मागून घ्यायची.

सिझरच करावं लागेल का, हे सगळ्याजणी विचारतात. नुसत्या गाठीसाठी नाही. लिंबाएवढ्या गाठीने बाळाची वाट अडत नाही. सिझर करायचं ते नेहमीच्या कारणांसाठीच. फार मोठी गाठ असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतील. गाठीसाठी नवव्या महिन्याआधी घाईने बाळ बाहेर काढण्यातही सहसा फायदा नसतो, कमी दिवसांच्या बाळाची दुखणी तेवढी पदरात पडतात.

आईच्या पोटातूनच सुई घालून गाठीतलं पाणी काढतात का? मोठ्या, साध्या गाठीसाठी जगात काही ठिकाणी काढतात. डॉक्टरांत त्यावर एकमत नाही. गाठ नक्की कशाची हे ठरलेलं नसताना सुई टोचण्यात जोखीम आहे, कारण ती आतड्याची निघाली तर? कुणी हे सुचवलं तर फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाचं पाहणाऱ्या, दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. आणि या एवढ्या गाठीसाठी गर्भपाताची भाषा कुणी करत असेल तर तिथून सरळ उठून या.

बाळाची हालचाल कमी वाटली तर गाठ असो-नसो, त्याच दिवशी दाखवायचं.

नागपुरात कुठे

धंतोली आणि रामदासपेठेत दर दुसऱ्या इमारतीत दवाखाना आहे, पण बरीच प्रसूतिगृहं लहान आहेत. बाळंतपण एकीकडे आणि बाळाला काचपेटी लागली की दुसरीकडे, असं होतं. टाके पडलेली आई इकडे, बाळ तिकडे, आणि बाप मधल्या रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधतोय. गाठ लहान आणि साधी असेल तर तुमचं नेहमीचं प्रसूतिगृह चालेल. 4-5 सेंमीच्या वर असेल, गढूळ असेल किंवा गर्भजल वाढलं असेल, तर आधीच जाऊन विचारा: नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग याच इमारतीत आहे का? लहान मुलांचे सर्जन बोलावले तर किती वेळात येतात? रविवारी बाळाची सोनोग्राफी होते का? तिसरा प्रश्न विचारायला मी विसरले होते, आणि बाळ नेमकं शनिवारी रात्री झालं.

सरकारी वाटा आपल्याकडे चांगल्या आहेत. गांधीबागेत डागा हे बायकांचं रुग्णालय, शिवाय मेडिकल आणि मेयो ही सरकारी मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं. मिहानमधल्या एम्समध्ये लहान मुलांच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग आहे. मेट्रोची ऑरेंज लाईन खापरीपर्यंत जाते, तिथून पुढे ऑटो. ओपीडीला सकाळी लवकर पोचायची तयारी ठेवा. डागाला नाव घातलं असेल आणि गाठ मोठी असेल, तर बाळाला सर्जन लागल्यास कुठे पाठवणार हे तिथेच विचारून फाईलवर लिहून घ्या. गडचिरोली, गोंदिया, बालाघाटकडून येणाऱ्यांनी शेवटचे आठ-पंधरा दिवस नागपुरात नातेवाइकांकडे काढले तर बरं. कळा सुरू झाल्यावर दीडशे किलोमीटर यायला नको.

पैशाचं आधीच पाहून ठेवा. सरकारी रुग्णालयात जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण आणि बाळाचे एक वर्षापर्यंतचे उपचार मोफत आहेत, ने-आणही त्यात येते. गाडीसाठी 102, तातडीला 108. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ठरलेल्या यादीतले आणि ठरलेल्या रुग्णालयात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड घेऊन आधीच विचारा. खाजगी विमा असेल तर बाळ कधीपासून धरतात ते वाचा. कित्येक फॅमिली पॉलिसींत ते 90 दिवसांनंतर धरतात.

जन्मल्यावर

बाळ नीट रडलं, अंगावर प्यायला लागलं, तर पहिल्या तासात काहीच वेगळं करायचं नसतं. बालरोगतज्ज्ञ पोट चाचपतील. दूध सुरू ठेवायचं. आईच्या दुधाने गाठ वाढत नाही. पहिल्या दोन-चार दिवसांत बाळाच्या पोटाची सोनोग्राफी होते. तिला फॉर्म एफ लागत नाही, आणि इथे पहिल्यांदा डॉक्टर गाठीचं नाव घेऊन बोलतात. आमच्या डॉक्टरांनी पडद्याकडे बोट दाखवून सांगितलं, “ही उजवी ओव्हरी, आणि मोठ्या सिस्टच्या भिंतीला चिकटलेली ही छोटी सिस्ट दिसते ना, ती ओव्हरीची ओळख.” इतके आठवडे बिननावाची गाठ पोटात घेऊन फिरल्यावर ते वाक्य ऐकताना मला खरं तर हसूच आलं.

सोनोग्राफीआधी बाळाला पाजून घ्या. पोट भरलेलं असलं की शांत राहतं आणि लघवीची पिशवी भरलेली असली की दिसतंही नीट. जेल कोमट करायला सांगा.

थायरॉइडची तपासणी सगळ्याच नवजात बाळांची व्हायला हवी. दोन्ही बाजूंना गाठी असतील तर आवर्जून करा, कारण बाळाचं थायरॉइड कमी असणं हे एक कारण असू शकतं.

त्याच आठवड्यात मुलीच्या छातीला गाठी आल्यासारख्या वाटतील, शूच्या जागी पांढरं जाईल, रक्ताचा एखादा थेंबही दिसेल. घाबरू नका, हीही त्याच आईकडून आलेल्या संप्रेरकांची करामत आहे आणि आपोआप जाते. छाती दाबून ‘चीक’ काढायची पद्धत काही घरांत आहे. ती करू देऊ नका, पू होतो.

घरी आल्यावर

माळीशवाल्या बाईला पहिल्याच दिवशी सांगा: हात, पाय, पाठ हवं तसं चोळ, पोटाला हात लावायचा नाही. आमच्या बाईंनी “गाठ मी चोळून विरघळवते” असं मोठ्या प्रेमाने सांगितलं होतं. चोळून गाठ विरत नाही, फुटू मात्र शकते. पोटाला शेकही नको. मेळघाटाकडे पोट फुगलेल्या बाळाला चटके देण्याचे प्रकार अजून ऐकू येतात. कुणी तसं सुचवलं तर बाळ घेऊन दवाखाना गाठा.

पुढचं फ्रिजवर चिकटवून ठेवा. हिरवी किंवा पिवळसर-हिरवी उलटी. पोट टणक आणि फुगलेलं. न थांबणारं, नेहमीपेक्षा वेगळं रडणं. दूध सोडलं. अंग पांढरं फटक, थंड, बाळ मलूल. ताप. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, लहान मुलांचे सर्जन असलेल्या ठिकाणी रात्रीच जायचं. हिरवी उलटी तर गाठ नसलेल्या नवजात बाळातही तातडीचीच.

पण याची दुसरी बाजू मला डॉक्टरांनी तीनदा सांगितली, म्हणून मीही सांगते: इतक्या लहान बाळात पीळ पडला तरी पुष्कळदा काहीच कळत नाही. बाळ हसतं, पितं, झोपतं. म्हणून ‘पोरगी खेळून राहिली, कशाला उगाच जायचं’ म्हणत सोनोग्राफीची तारीख चुकवू नका.

साधी गाठ असेल तर दर चार ते सहा आठवड्यांनी सोनोग्राफी, ती जाईपर्यंत. बहुतेक सहा महिन्यांत जातात, काही वर्षभर रेंगाळतात. आमची जन्माच्या वेळी 43 मिमी, सहाव्या आठवड्याला 36, तिसऱ्या महिन्याला 19, पाचव्या महिन्याच्या अखेरीला दिसलीच नाही. मधला एक महिना मे होता. नागपूरचा मे काय सांगायचा, सकाळी आठची वेळ मागून घ्यायची आणि ओला दुपट्टा बरोबर ठेवायचा. लसी मात्र ठरल्या वेळीच, गाठीसाठी एकही लस मागे ढकलायची नाही.

ऑपरेशन सांगितलं, तर

गाठ मोठी आहे आणि कमी होत नाही, वाढतेय, त्रास देतेय, किंवा महिनोन्‌महिने तशीच आहे, तेव्हा सर्जन ऑपरेशनचं बोलतात. 4-5 सेंमीच्या वरच्या साध्या गाठीतलं पाणी कधी सोनोग्राफीत बघत सुईने काढतात. ती पुन्हा भरू शकते. नाही तर दुर्बिणीतून.

गढूळ गाठीबाबत दोन मतं आहेत आणि दोन्ही तुमच्या कानावर येतील. पोटात असतानाच पीळ पडून गेला असेल तर ती ओव्हरी बहुधा आधीच निकामी झालेली असते, मग रातोरात ऑपरेशन करून ती परत मिळत नाही. म्हणून बाळाला त्रास नसेल तर काही सर्जन लक्ष ठेवून थांबतात. इतर म्हणतात की ती आतड्याला चिकटू शकते, शिवाय निदान पक्कं होतं, म्हणून काढून टाकू. माझ्या ओळखीतल्या एकीने दोन सर्जनांना दाखवलं, दोघांनी उलट सांगितलं, आणि ती रडकुंडीला आली. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं. तिने शेवटी ऑपरेशन करून घेतलं. मी तिच्या जागी असते तर कदाचित आणखी महिनाभर थांबले असते, पण तिचं घर आष्टीला, जवळ सर्जन नाही, आणि तो विचारही औषधाइतकाच खरा.

सर्जनना एक प्रश्न नक्की विचारा: फक्त गाठ काढणार की ओव्हरीही? जिवंत भाग असेल तर ओव्हरी राखण्याकडेच आता कल असतो. काढलेला भाग बायोप्सीला जातो. तो शब्द कागदावर पाहून हातपाय गाळू नका, काढलेलं सगळंच तपासायला पाठवतात. ऑपरेशनआधी आईचं दूध साधारण 4 तास बंद असतं. नेमकी वेळ भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या, कारण आजी कळवळून चमचाभर पाणी देते आणि मग यादीतला नंबर जातो.

एक ओव्हरी गेली तर? दुसरी निरोगी असेल तर पाळी येते, मुलंही होतात. लग्नाच्या वेळी सांगावं लागेल का, असं त्या ओळखीतल्या ताईच्या सासूने विचारलं होतं, बाळ तेव्हा एकवीस दिवसांचं होतं. मुलीला मात्र ती मोठी झाल्यावर सांगायलाच हवं. पुढे कधी अचानक एका बाजूला पोटात कळ आली, तर तिने डॉक्टरांना पहिल्या वाक्यात हे सांगितलं पाहिजे, कारण उरलेल्या एका ओव्हरीची काळजी जास्त घ्यायची असते.

तेवढ्यासाठी कागद जपा. मूळ रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी झाली असेल तर तिचा कागद. सोनोग्राफीच्या चकचकीत प्रती उन्हाने उडतात, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. आमच्या फाईलच्या पहिल्या पानावर मी पेनाने चार ओळी लिहिल्या आहेत: उजवी ओव्हरी, साधी सिस्ट, जन्माच्या वेळी 43 मिमी, पाचव्या महिन्यात गेली, ऑपरेशन नाही. फाईल कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात आहे. खालच्या कप्प्यात होती, पण विमानांना कागद कमी पडू लागल्यापासून वर ठेवली.